दीपगृहाची पाठ

"त्या बिस्किटांच्या डब्यातलं दीपगृहाचं कार्ड आण गं इकडे," आई आतल्या खोलीतून म्हणाली. "आणि पेन आण. नीट उमटणारं आण, मागच्या वेळेसारखं नको."

धाकटीच्या हातातला ब्रश होता तिथेच थांबला. तपकिरी रंगाचा थेंब टोकाशी जमला, लांबला, पडू की नको करत लोंबकळला आणि शेवटी तिच्याच अंगठ्यावर पडला. दुपारचे चार वाजले होते. समोरच्या इमारतीत कुणीतरी गच्चीवर गादी झोडपत होतं, धप् धप् धप्. कार्ड डब्यात नव्हतं. कार्ड तिच्या पुढ्यात होतं. खिडकीतल्या टेबलावर, वर्तमानपत्र पसरून ठेवलेल्या लाकडी फ्रेमच्या उजव्या कोपऱ्यात, खळीने चिकटवलेलं, कडांवरून वाळूमिश्रित पांढऱ्या लेपाचा हात फिरवलेलं, वर पातळ रंगाची आंघोळ घातलेलं. ओळखू येऊ नये इतपत झाकलेलं, दिसावं इतपत उघडं. चित्राचं तोंड वर. पाठ खाली, लाकडाला टेकलेली, कायमची.

फ्रेम चार दिवसांपूर्वी अगदी साधी होती, शाळेतल्या पाटीला असते तशी, चार पट्ट्या आणि चार सांधे. आईचं सोमवारी हृदयाचं ऑपरेशन. दवाखान्यात उशाशी ठेवायला घरचा फोटो हवा, असं आईच म्हणाली होती. तो चौघांचा, ज्यात बाबा हसायचं विसरलेत आणि दादा हसू दाबतोय. मग धाकटीने ठरवलं की फोटो असाच नाही द्यायचा. जे आपण रोज परक्यांसाठी करतो ते एकदा घरासाठी करू. लाकूड काचकागदाने घासलं, त्यावर पांढरा हात दिला, खडूची पूड, गोंद आणि चाळलेली वाळू कालवून लेप केला, तो पातळ पात्याने थापला, ओला असतानाच त्यावर जुना कंगवा ओढला, म्हणजे लाटा उठल्या. मग आईकडून डबा मागून घेतला. "घे त्यातलं काय हवं ते," आई म्हणाली होती, "कागदच आहेत." डब्यात वजनकाट्याची जाड तिकिटं निघाली, बाबांच्या ऑफिसचे पास, स्वेटरच्या नमुन्याचा घड्या पडून फाटलेला कागद, फुलांच्या बियांचं पाकीट, काडेपेट्यांवरची चित्रं. आणि दीपगृह. एकेक कागद तिने लेपात बसवला, सगळ्यावर तपकिरी रंग फिरवून लगेच फडक्याने पुसला, म्हणजे रंग खाचांत राहतो आणि उंचवटे उजळ निघतात. चार दिवसांची फ्रेम साठ वर्षांची दिसू लागते. ती कामाला जाते त्या फ्रेमच्या दुकानाचे मालक, ज्यांना सगळे चौकटमास्तर म्हणतात, गिऱ्हाइकांना छाती काढून सांगतात, "शंभर वर्षं जुनं करायला देवाला शंभर वर्षं लागतात. आम्ही शनिवारी देतो."

"सापडलं का?" आई.

"शोधते," धाकटी म्हणाली. बोट कार्डावर ठेवून म्हणाली.

हे पहिलं खोटं नव्हे, हे तिला त्याच क्षणी जाणवलं. 'शोधते' म्हणताना जीभ जशी सहज वळली, तशी ती पूर्वी एकदा वळली होती. पण ती आठवण तिने दाराशीच अडवली, आत येऊ दिली नाही; त्या आठवणीशी तिचं वागणं नेहमीच असं होतं. ती उठली, आतल्या खोलीच्या उंबऱ्यावर जाऊन उभी राहिली. आई तीन उशांना टेकून बसली होती. आजारपणाने आईचं सगळं बारीक झालं होतं, मनगटं, आवाज, केस. डोळे तेवढे होते तसेच, मोजून घेणारे.

"कशाला हवंय आत्ता?" धाकटीने विचारलं.

"थोरल्याला पत्र टाकायचंय. त्यावर पत्ता आहे ना त्याचा."

"आई, वीस वर्षं झाली त्या कार्डाला. वीस वर्षांत माणूस चार घरं बदलतो."

"तो नाही बदलायचा. त्याला सामान आवरायचा कंटाळा."

"आणि सोमवारच्या आत पोचणार आहे का ते?"

"सोमवारनंतर पोचलं तरी चालेल. पण सोमवारच्या आत निघालं पाहिजे," आई म्हणाली. "उगाच प्रश्न काढू नकोस. गाव मला पाठ आहे, बंदराचं गाव. चौदा नंबरही आठवतो. मधलंच तेवढं विसरले, कशाच्या तरी मागे आहे. जा, आण. आणि हे काय, अंगठ्याला काय लागलंय? रक्त का?"

"रंग."

"मग पूस तो. दवाखान्यात असे हात घेऊन आलीस तर तुलाच आधी झोपवतील."

धाकटी हसली, हसत हसत टेबलापाशी आली, आणि तिथे पोचेपर्यंत हसू कुठेतरी वाटेतच गळून पडलं. फोनवर शोधावं तर ते पूर्वीच शोधून झालं होतं. दादाच्या नावाचे शेकडो लोक होते, गाड्यांपुढे उभे, केकपुढे उभे, आणि एकाचंही कपाळ दादासारखं नव्हतं. जे काय होतं ते इथे होतं, लेपात रुतलेल्या कार्डाच्या पाठीवर. ती खुर्चीत बसली. मास्तरांच्या दुकानात पहिल्या दिवशी तिला एकच नियम शिकवला गेला होता. "खळ लावण्याआधी कागद उलटा करून बघायचा. दोन्ही बाजू वाचायच्या. कागदाला दोन तोंडं असतात, आपण एक कायमचं बंद करतो. मी एकदा एका गिऱ्हाइकाचा जन्मदाखला चिकटवला होता, मागे सुंदर वेलबुट्टी होती म्हणून. बिचारा अजून जन्मलेला नाही." सोळा वर्षं ती हे करत आली. हजारो कागद. परक्यांची लग्नाची आमंत्रणं, परक्यांच्या औषधांच्या चिठ्ठ्या, मेलेल्या माणसांची वाचनालयाची कार्डं, एकही न उलटता तिने चिकटवला नव्हता. हाताला सवयच लागली होती. बाजारात भाजी गुंडाळलेला कागदसुद्धा ती उलटून बघायची. मग शनिवारी काय झालं होतं? शनिवारी तिने वजनाचं तिकीट उलटलं, आठवतंय, मागे भविष्य छापलेलं होतं, 'आपणांस लवकरच प्रवास घडेल'. बियांचं पाकीट उलटलं. बाबांचा पास उलटला, मागे त्यांच्या बारीक अक्षरात एक किराणायादी होती आणि ती वाचून तिने दोन मिनिटं काहीच केलं नव्हतं. आणि दीपगृह? ती आठवू पाहत होती आणि आठवत होतं ते फक्त चित्र. चित्राच्या उजवीकडे पांढरं-लाल दीपगृह, डावीकडे नुसतं पाणी. पाणी कोपऱ्यात बसत नव्हतं, म्हणून तिने कार्ड मधोमध फाडलं. कात्रीने नाही, हाताने, कारण फाडलेली कड लेपात विरघळते आणि कापलेली कड डोळ्यात खुपते. पाणी कचऱ्यात टाकलं. कचरा रविवारी गेला. दीपगृह चिकटवलं. मध्ये कुठेही मनगट वळलं नव्हतं. सगळ्या कागदांसाठी वळलेलं मनगट त्या एका कागदाला वळलं नाही. हात चुकतो तेव्हा चुकतो. पण न चुकणारा हात नेमका एकदाच, नेमका तिथेच चुकला, तर त्याला काय म्हणायचं? आणि आई जेव्हा ही फ्रेम हातात घेईल, दीपगृह ओळखेल, तेव्हा काय होईल, हा साधा विचारसुद्धा चार दिवसांत तिला शिवला नव्हता. का तो शिवला होता आणि म्हणूनच तिने वरून लेपाचा आणखी एक हात फिरवला होता?

वीस वर्षं ते कार्ड घरात होतं आणि तिने त्याची पाठ बघितली नव्हती. खरं म्हणजे एवढंच. ते आलं त्या दिवशी ती स्वयंपाकघराच्या दाराला टेकून उभी होती. पोस्टमनने खाली घंटी वाजवली, आई जिना उतरून गेली, जिना चढून आली आणि उभ्या उभ्याच वाचू लागली. लहानसं कार्ड, पण आईला ते वाचायला फार वेळ लागला. सांडलेले तांदूळ एकेक करून वेचावेत तसा. मग आईने कार्ड डब्यात ठेवलं, डब्याचं झाकण दाबून बसवलं, आणि म्हणाली, "बरा आहे म्हणतोय." बास. संध्याकाळी बाबांनी डबा उघडून चित्र पाहिलं, उलटलं मात्र नाही. "छपाई चांगली आहे," म्हणाले. त्या दिवशी आईने धाकटीला समोर बसवून तिचे केस विंचरले होते, एकोणीस वर्षांच्या घोडीचे, काही कारण नसताना, फार सावकाश, गाठी न ओढता, आणि धाकटी पाठमोरी बसून वाट बघत राहिली की आता विचारेल, आता विचारेल. आई काही बोलली नाही. म्हणजे तिथे काही लिहिलेलं नाही, असं धाकटीने स्वतःला सांगितलं. दादाने सांगितलेलं नाही. मग वर्षांमागून वर्षं ती हेच स्वतःला सांगत राहिली, आणि ते खरं आहे का हे बघायला हात लांब करायचा की झालं, डबा तर कपाटात होता, कुलूपही नव्हतं त्याला. पण ज्या गोष्टीवर आपण उभे आहोत ती फळी आहे की नुसता कागद हे पाय आपटून कोण बघतं?

तिने गरम पाणी आणलं. जुनं मऊ फडकं त्यात बुडवलं, पिळलं, घडी करून दीपगृहावर ठेवलं. नशीब एवढंच की वरचा चकाकीचा हात अजून दिला नव्हता, तो उद्या द्यायचा होता. चकाकी बसली की पाणी शिरत नाही. आणि घरच्या कागदांना तिने बाटलीतला गोंद न लावता पिठाची खळ लावली होती. खळ पाण्याला ऐकते. फडक्यातून वाफ तिच्या हनुवटीपर्यंत येत होती, ओल्या पिठाचा वास, ओल्या खडूचा वास. गादी झोडपणं थांबलं होतं. आणि वाफेबरोबर ती अडवून ठेवलेली दुपार वर आली, आता तिला अडवायला हात मोकळे नव्हते.

तीसुद्धा अशीच चारची वेळ. बाबा ऑफिसात, आई मावशीकडे. दादाला घर सोडून तीन वर्षं झालेली. कशावरून सोडलं? एका संध्याकाळी बाबा म्हणाले, माझ्या घरात राहायचं तर माझ्या सांगण्याप्रमाणे. दादा म्हणाला, मग नाही राहत. दोघांनाही आपल्या वाक्याचं एवढं कौतुक की कुणी मागे घेईना. पहिले काही महिने घर सुतक असल्यासारखं गप्प होतं. मग हळूहळू, लाज वाटावी इतक्या हळूहळू, धाकटीला बरं वाटायला लागलं. दादा होता तेव्हा घरात सगळं दादाभोवती फिरायचं, त्याचा राग, त्याचा अभ्यास, त्याची चित्रं, खिडकीतलं त्याचं टेबल. ती आपली दाराच्या फटीतून येणाऱ्या उजेडासारखी, असली तर असली. आता बाबा जेवताना तिच्याकडे बघून बोलू लागले. तिच्यासाठी रंग आणू लागले. एके दिवशी स्वतः म्हणाले, "ते टेबल पडून आहे, तू बसत जा तिथे." त्या टेबलावर उजेड डावीकडून येतो. उजव्या हाताने काम करणाऱ्याला असा उजेड म्हणजे सुख. ती तिथेच बसली होती, हात रंगाने माखलेले, जेव्हा दारावर थाप पडली. दोन लांब, एक आखूड. ती थाप जगात एकच माणूस द्यायचा.

तिने दार उघडलं, पण साखळी काढली नाही. फटीत दादाचं अर्धं तोंड होतं. वाळलेलं, दाढी वाढलेलं, आणि हसणारं. "काय गं माकडा," तो म्हणाला, "ओळखलंस का?" खांद्याला पिशवी होती. मोठी पिशवी. एका दिवसासाठी आलेला माणूस एवढी पिशवी आणत नाही, हे तिने आधी पाहिलं, त्याचं तोंड नंतर. त्याची नजर तिच्या खांद्यावरून आत गेली, टेबलापर्यंत, आणि तिथे थांबली. साखळीला हात लावायचा, सरकवायची, अडीच इंचांचं काम. तिचा हात उठलाही. आणि ती म्हणाली, "बाबा घरात आहेत." का म्हणाली? हात रंगाचे होते म्हणून, असं ती पुढे कितीतरी वेळा स्वतःला सांगणार होती; घाबरले म्हणून; बाबांनी बजावलं होतं म्हणून. त्यातलं काहीच पूर्ण खोटं नव्हतं, आणि पूर्ण खोटं असतं तर बरं झालं असतं, ते फेकून तरी देता आलं असतं. दादाने एकदा खाली, दाराबाहेर पाहिलं. "अस्सं," म्हणाला. मग म्हणाला, "बरं." पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली आणि जिना उतरून गेला, एकही पायरी न चुकवता, शांतपणे, जसा रोज उतरायचा. ती परत टेबलापाशी आली. ब्रश वाळला होता. तिने तो धुतला आणि काम पुढे सुरू केलं. हे तिला सगळ्यात जास्त छळायचं. त्या दिवशीचं चित्र चांगलं झालं होतं.

फडकं निवलं. तिने ते उचलून पात्याची बोथट कड दीपगृहाच्या पायाखाली घातली. लेप मऊ दह्यासारखा झाला होता. पातं आत गेलं. श्वास रोखून, तिरकं धरून, केसाएवढं सरकवत सरकवत तिने कार्ड सोडवलं. वरचा पाऊण भाग अखंड सुटला. खालची कड मात्र, जिथे वाळूचा लेप जाड होता, तिथे सुटता सुटता पिठासारखी विस्कटली आणि लाकडावरच राहिली. ती कार्डाची पाठ आपल्याकडे वळवणार, तोच मनगट पुन्हा थांबलं. ती स्वतःच्या मनगटाकडे बघत राहिली, दुसऱ्याच्या हाताकडे बघावं तशी. आतून आई खोकली. धाकटीने कार्ड उलटलं.

निळी शाई होती. अर्धी कार्डावर, अर्धी खालच्या पांढऱ्या लेपावर उमटलेली, उलटी, आरशातल्यासारखी. तिने पर्समधला छोटा आरसा काढून लेपासमोर धरला, आणि एकदा कार्ड, एकदा आरसा असं करत शब्द जोडू लागली. दादाचं अक्षर. त्याचे 'ल' नेहमी पाय लांब करून बसल्यासारखे असत, तसेच होते.

'आई, गेल्या महिन्यात येऊन गेलो. धाकटी एकटी होती. बाबा घरात आहेत म्हणाली. बाबांचे जोडे दारात नव्हते. तिला यातलं काही विचारू नकोस. टेबलावर तिचे रंग मांडलेले छान दिसत होते. टेबल तिच्याकडेच राहू दे. इथे काम मिळालंय. पत्ता : १४, का'

पुढे कागदाचा लगदा होता.

तिने पुन्हा वाचलं. मग पुन्हा. 'जोडे' या शब्दावर डोळे जाऊन आपटत होते आणि परत येत होते. त्याला त्याच वेळी कळलं होतं. फटीतून खाली पाहून, 'अस्सं' म्हणताना. आणि आईला? आईला सहा आठवड्यांत कळलं होतं. केस विंचरताना आईला माहीत होतं. बाबा गेले तेव्हा, सगळं आवरून झाल्यावर दोघी गॅलरीत बसल्या आणि धाकटी म्हणाली, "दादाला कळवायला हवं होतं," आणि आई नुसतं तिच्याकडे बघत राहिली, तेव्हाही. वीस वर्षं धाकटी आईपासून एक गोष्ट लपवत होती आणि आई धाकटीपासून तीच गोष्ट लपवत होती, एकाच घरात, एकाच ताटलीत फळं कापून खात. तिला रडू येईल असं वाटलं. आलं नाही. आली ती विचित्र लाज, जशी आपण अंधार समजून कपडे बदलावेत आणि खोलीत दुसरं कुणी जागं होतं हे नंतर कळावं.

ती कार्ड तळव्यावर घेऊन आत गेली. ओलं कार्ड, दीपगृह वर. पलंगाशेजारच्या स्टुलावर तिने ते ठेवलं.

"हे काय केलंस याचं?" आईने विचारलं.

"फ्रेमला लावलं होतं. फोटोच्या. तुला द्यायची होती." मग, फाटकी कड दाखवत, "अर्धं फाडून टाकलं. शनिवारी. खालचा पत्ता आत्ता काढताना गेला. नुसतं 'चौदा, का' राहिलंय."

आईने कार्डाची ओली कड बोटाने चाचपली. "वाचलंस?"

"आत्ता वाचलं."

"आत्ता? पहिल्यांदा?" आईचा आवाज चढला नाही, पण उशांवरून पाठ सुटली. "मला वाटायचं तू कधीच वाचलं असशील. डबा उघडाच असायचा. मी मुद्दाम कुलूप लावलं नाही."

"तू कधी बोलली नाहीस."

"तो म्हणाला होता, विचारू नकोस. नाही विचारलं. पण तू सांगशील म्हणून थांबले की मी." आई दम घ्यायला थांबली. "आज सांगेल, लग्नाचं बोलणं मोडलं तेव्हा सांगेल, बाबा गेल्यावर तरी सांगेल. तू सांगितलं असतंस तर त्याच दिवशी त्याला लिहिलं असतं, ये बाबा निघून. तू तोंड मिटून बसलेली, मग तुझ्या नकळत त्याला कसं बोलावू? तो दारात येऊन उभा राहिला असता तर तू कुठे बघितलं असतंस?"

धाकटी पलंगाच्या कडेवर बसली. तिला वाटत होतं की आईने ओरडावं. ओरडणं अंगावर घेता येतं, झटकता येतं. हे बोलणं अंगावर पडत नव्हतं, आत झिरपत होतं. म्हणजे तिने साखळी एकदाच लावली नव्हती. रोज लावत आली होती, सात हजार दिवस, आणि तिच्या बाजूला उभं राहून आई ती रोज पाहत होती. "माझ्यामुळे," ती म्हणाली.

"तुझ्यामुळे, माझ्यामुळे, बाबांमुळे. आता वाटण्या करत बसायला वेळ नाही," आई म्हणाली. "सोमवार आलाय. का काय म्हणालीस? कालवा?"

"माहीत नाही. 'का' आहे. पुढे मोडलंय."

"कशाच्या तरी मागे होतं ते नक्की. कालव्याच्या मागे असेल. नाहीतर कारखान्याच्या." आईने डोळे मिटले. "कापडबाजाराच्या मागे? बंदराच्या गावात कापडबाजार असतोच."

"असेल."

"कारागृहाच्या मागे."

"आई!"

"काय आई? तिथेही घरं असतात. लोक राहतात. भाडं कमी असतं." आईने डोळे उघडले. "किती झाली?"

"चार."

"मग चार पाकिटं आण. चौदा नंबर, हे चार पत्ते आणि गाव. एखादं लागेल."

"आणि आत काय लिहायचं? तू सांग, मी लिहिते."

"मी कशाला सांगू? माझा हात कापतो, डोकं नाही कापत. मला काय लिहायचंय ते मला माहीत आहे, ते मी तो आला की बोलेन. लिहायचं तुला आहे."

"बरं. एक लिहिते आणि तीन प्रती करते."

"प्रती कसल्या करतेस, दुकान आहे का हे?" आई म्हणाली. "चारही वेगळी लिही. चारदा लिहिशील तेव्हा कुठे एकदा खरं लिहिशील."

धाकटीने पाटावर कागद घेतले. पहिल्या पत्रात तिने ऑपरेशनबद्दल लिहिलं, डॉक्टर चांगले आहेत, काळजी नसावी, तू कसा आहेस. वाचून दाखवलं. "शेजारणीला लिहिल्यासारखं झालंय," आई म्हणाली. दुसऱ्यात तिने माफी मागितली, एकदा, दोनदा, पानभर, तिची लेखणी घसरगुंडीवर बसल्यासारखी माफीवरून माफीवर घसरत गेली. "त्याला अवघडेल," आई म्हणाली, "वाचता वाचता त्यालाच तुझी समजूत घालावीशी वाटेल. पुन्हा त्याच्यावरच काम." तिसऱ्यात तिने कारणं लिहिली: एकोणीस वर्षांची होते, बाबांचा धाक किती होता ते तुला ठाऊक आहे, घरात मोठं कुणी नव्हतं. ऐकता ऐकता आईने हात वर केला. "कोर्टात उभी आहेस का?"

बाहेरचा उजेड पिवळा होऊन भिंतीवर चढला होता. चौथा कागद बराच वेळ कोरा राहिला. धाकटीला जाणवलं की तिला लिहायचं आहे ते वाक्य फार छोटं आहे, आणि इतकं छोटं वाक्य इतकी वर्षं कुठे मावलं होतं, ते शरीरात कुठल्या जागी राहत होतं, हे आता कळतंय, कारण ती जागा दुखते आहे. तिने लिहिलं. चार ओळी झाल्या. पेन बाजूला ठेवलं.

"वाच," आई म्हणाली.

"'दादा, त्या दिवशी बाबा घरात नव्हते. मला टेबल हवं होतं, म्हणून तू यायला नको होतास. आईला हे पहिल्यापासून माहीत होतं, मला आज कळलं. सोमवारी तिचं ऑपरेशन आहे, ये.'"

खालून रस्त्यावर कुणीतरी कुणालातरी हाका मारत होतं, आणि हाक लांब लांब जात होती.

"हे कुठल्या पाकिटात घालतेस?" शेवटी आईने विचारलं.

"कुठल्या घालू?"

आईने चारी पाकिटांकडे पाहिलं. चारही सारखी, पांढरी, पलंगाच्या कडेला ओळीने ठेवलेली. कालवा, कारखाना, कापडबाजार, कारागृह. खरं पत्र एक होतं आणि तो चारांपैकी कुठे राहतो, राहतो तरी का, हे दोघींपैकी कुणालाच माहीत नव्हतं. आईने एक पाकीट उचललं आणि परत ठेवलं. धाकटीला दिसलं की आई घाबरली आहे, सोमवारला नाही, ह्याला.

धाकटीने आधीची तिन्ही पत्रं दुमडून बाजूला सारली. तीन कोरे कागद घेतले, पाट मांडीवर नीट बसवला, आणि त्याच चार ओळी पुन्हा पहिल्यापासून लिहायला घेतल्या. तिला वाटलं होतं, आता सोपं जाईल. पण 'बाबा घरात नव्हते' एवढं लिहायलाच या खेपेला जास्त वेळ लागला.